‘आम्ही फक्त चांगले मित्र आहोत’ : बिग बॉसच्या घरात जाणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

बॅगा भरून झाल्या असतील. दात पांढरे झाले, भुवया कोरल्या, ‘लवकरच एक मोठी बातमी’ असं रीलवर टाकूनही झालं. बिग बॉस मराठीच्या घरात जायला आपण तयार आहोत असं तुम्हाला वाटतंय. पण मुख्य अभ्यास राहिलाच की! प्रेम आहे की नाही हे कुणाला कळू न देता ते रोज रात्री दाखवत कसं राहायचं, हा तो अभ्यास. कुठल्याही ॲक्टिंग क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी शिकवते. फी नको, माझ्या मावशीने तुमच्या वतीने ती आधीच भरलीय.

मावशीचं सांगते. अडुसष्ट वर्षांची बाई, बीपीची गोळी, डोंबिवलीला दोन खोल्यांत एकटी. एका पर्वात तिला एक जोडी आवडली. (पर्व कुठलं ते सांगत नाही, त्या दोघांची नावंही घेत नाही. घेतली की त्यांची फौज येते.) आवडली म्हणजे किती? मला रविवारी मुलुंडहून बोलावून घेतलं, पुरणपोळी खाऊ घातली आणि हात धुवून येते तोवर पुढ्यात तीन फोन मांडून ठेवले. एक तिचा, एक शेजारच्या काकूंचा आणि एक काकांचा. काका जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांच्या नंबरावर ती अजून रिचार्ज मारते. ‘तिन्हीत ते ॲप टाक आणि मत कसं द्यायचं ते दाखव.’ मतांची नोंद दुधाच्या वहीत. डावीकडे ‘अर्धा लिटर’, उजवीकडे बरोबरची तीन चिन्हं. एक दिवस चुकला नाही. दूध चुकलं दोनदा.

फिनाले झाला. चार दिवसांनी दोघांची मुलाखत आली. पोरगा पायावर पाय टाकून हसत म्हणाला की आमच्यात तसं कधीच काही नव्हतं, लोकांनीच ते बनवलं. पोरगी शेजारी बसून मान हलवत होती. मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. ‘मग हिला ताप होता तेव्हा रात्री दोनदा उठून कपाळाला हात कोण लावत होतं? मी?’

तर, धडा पहिला. ‘आवडतेस’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘काळजी’ म्हणायचं. आई करते तीही काळजी, आणि एसटीतून उतरताना शेजारचा अनोळखी माणूस ‘काळजी घ्या’ म्हणतो तीही काळजीच. उद्या कुणी पकडलं तर ‘मी घरातल्या सगळ्यांचीच काळजी करतो’ म्हणून सुटता येतं. ‘कनेक्शन’ त्याहून सोयीचं. गॅसचं असतं, केबलचं असतं, आणि वेळ आली की कापता येतं.

तिला तुमचं जॅकेट द्या. बाकीचं काम जॅकेट करतं.

रात्री गार्डन एरियात बसा. महत्त्वाचं वाक्य आलं की मायकवर हात ठेवा, म्हणजे ते महत्त्वाचं आहे हे सगळ्यांना कळेल. माइक नीट घालण्याचा आदेश आला की दोघांनी एकदम दचकायचं आणि हसायचं. तुमची कुजबुज खाली ठसठशीत अक्षरांत लिहून येते हे तुम्हाला माहीतच नाही, असं धरून चाला.

बाहेर कुणी असेल तर? असेलच. पहिले दोन आठवडे त्या व्यक्तीचा उल्लेख नको. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आणून अर्धवट सांगायचं, ‘बाहेर आहे कुणीतरी, पण कॉम्प्लिकेटेड आहे.’ नाव नाहीच. फार आग्रह झाला तर टोपणनाव. कॉम्प्लिकेटेड म्हणजे ती बिचारी घरी टीव्हीसमोर बसून तुम्ही दुसरीला भरवलेले घास मोजतेय.

फार मेहनत मात्र घेऊ नका. निम्मं काम संपादनवाले करतात. चोवीस तासांच्या चित्रणातून त्यांना रात्रीचा तासाभराचा भाग काढायचा असतो. तुम्ही दुपारी कांदा चिरून डोळे पुसलेत आणि ती संध्याकाळी सोफ्यावर बसून शून्यात बघत होती, तर हे दोन तुकडे शेजारी ठेवायचे, मागे बासरी सोडायची, झाली प्रेमकथा. मूळ युक्ती डच लोकांची. 1999 साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ निघालं, 2006 ला ते हिंदीत ‘बिग बॉस’ होऊन आलं, 2018 ला मराठीत. माणसाचं घड्याळ, फोन आणि पेपर काढून घ्या, तीच तीच दहा तोंडं समोर ठेवा, तो कुणालाही चिकटतो. आमच्या आजोळी कोकणात पावसाळ्यात चार दिवस लाइट गेली की वर्षभर न बोलणाऱ्या जावासुद्धा एकमेकींच्या वेण्या घालायच्या. लाइट आली की परत तोंडं फिरवून आपापल्या चुलीपाशी. त्यामुळे घरात कुणी कुणाला चिकटलं याचा मला राग नाही. लाइट आल्यावर ‘वेणी घातलीच नव्हती’ म्हणतात त्याचा आहे.

आता मैत्री. हा धडा नीट ऐका, कारण जोडी टिकते ती मैत्रिणीच्या जिवावर. प्रत्येक जोडीबरोबर या घरात एक तिसरं माणूस फुकट मिळतं. बहुतेक वेळा मुलगी. ही रात्री दोनला त्याचं ऐकते, अडीचला तिचं. सकाळची भांडी हिच्याच वाट्याला, कारण ते दोघं जागून जागून दमलेले. पहिल्या आठवड्यात तुम्ही तिला सांगितलेलं असतं, ‘तू माझी बहीण आहेस, मी चुकलो तर कानाखाली वाजव.’ सहाव्या आठवड्यात ती कानाखाली वाजवत नाही, फक्त विचारते. कणीक मळता मळता, कोपरापर्यंत पीठ, मान खाली: ‘अरे, तुझं नक्की काय आहे? तिला सांगून टाक ना एकदा.’

झालं! एवढ्यावर संपली ती मैत्रीण.

इथून पुढचं पाठ करा. आधी दोन मिनिटं गप्प राहायचं. मग उठून थेट ‘तिच्या’कडे जायचं आणि सांगायचं, ‘ती आपल्यात फूट पाडतेय.’ ‘ती’ रडेल. मैत्रिणीशी बोलणं बंद करेल, पलंग बदलून घेईल. नॉमिनेशनला, म्हणजे घराबाहेर कुणी जावं याची नावं देताना, तुम्ही मैत्रिणीचं नाव घ्याल, कारण ‘मैत्रीत विश्वासघात’. आणि आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक झाडाझडती घेतात तेव्हा, तिचं नाव चावडी असो नाहीतर भाऊचा धक्का, उभं कुणाला राहावं लागेल? हिलाच. दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टीत तोंड का घातलंस, याचा जाब हिने द्यायचा. खाजगी! ज्या गोष्टीचा प्रोमो आठवडाभर येता-जाता दाखवला, जी बघायला मावशीने दुधाची वही खर्ची घातली, ती खाजगी. अहो, पण तिने विचारलं काय होतं? एका शब्दाचं उत्तर होतं. भाजीवाल्याला आपण विचारतो ‘मेथी ताजी आहे का’, तो हो म्हणतो नाहीतर ‘उद्या या’ म्हणतो. उद्या या म्हणण्याइतकीही माणुसकी या बाबाकडे नाही. साठ दिवस ‘बघू’, ‘वेळ येऊ दे’, ‘मला लेबल नको’. लेबल नको म्हणे! लोणच्याच्या बरणीला लेबल नसलं तर आम्ही दुकानदाराच्या अंगावर फेकतो. आणि त्या ‘ती’ची कमाल तर वेगळीच. जो फिरवतोय त्याच्या ताटात गरम पोळी, आणि जी जागं करतेय तिच्यावर दातओठ. मावशीच्या जोडीने हेच केलं त्या रात्री मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले, खोटं कशाला सांगू. हातात झारा होता. नवरा म्हणाला, ‘तिकडे ऐकू जात नाही.’ माहितीय मला ऐकू जात नाही ते!

ती मैत्रीण पुढच्याच आठवड्यात बाहेर पडली. दरवाजापाशी दोघांनी तिला मिठी मारली. तो तर रडलासुद्धा.

मैत्री फुटायला प्रेमच लागतं असंही नाही म्हणा. 2018 ला पहिल्याच पर्वात, लोणावळ्याच्या घरात, मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग हे त्रिकूट किती घट्ट होतं; शेवटाकडे त्यालाही तडे गेले, आणि अंतिम निकालाला मेघा आणि पुष्कर समोरासमोर उभे. पाचव्या पर्वातला निक्की तांबोळीचा ‘ए’ गट फुटला तेव्हा तर अर्ध्या महाराष्ट्राने आनंदाने चहा टाकला होता.

भांडण नॉमिनेशनच्या आदल्या दिवशी, समेट मतदान बंद व्हायच्या आत.

फॅमिली वीकला आई येईल. ‘फ्रीझ’चा आदेश असेल, तुम्ही पुतळा होऊन अश्रू गाळत उभे असाल, आणि आई तुमच्या कानात पुटपुटेल, ‘बाहेर वेगळं दिसतंय रे, लांब राहा.’ आई गेली की त्याच रात्रीपासून लांब. काल जिच्या मांडीवर डोकं होतं तिला सकाळी ‘कॉफी उरलीय का’ एवढंच विचारायचं, तेही दुसऱ्याकरवी. ती गोंधळेल. गोंधळू दे. पर्व श्रावणात असलं तर राखीचा दिवसही हाताशी असतो.

आता कुणी म्हणेल, हे केल्याशिवाय टिकताच येत नाही, खेळच तसा आहे. कुणाला सांगता? 2024 चं पाचवं पर्व 70 दिवसांत आटोपलं, जिंकला कोण? सूरज चव्हाण, बारामतीकडच्या मोढवे गावचा पोरगा. त्याच्या गळ्यात कुठला त्रिकोण होता? 2019 ला शिव ठाकरे आणि वीणा जगताप प्रेमात पडले ते सगळ्यांदेखत. तिने घरात असतानाच त्याचं नाव हातावर गोंदवून घेतलं, त्याने पर्व जिंकलं, पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. झाल्या तर झाल्या. ते प्रेम नव्हतंच, तुम्हीच बनवलंत, असं म्हणून कुणी आमच्या तोंडावर दार आपटलं नाही. प्रसाद जवादे आणि अमृता देशमुख चौथ्या पर्वात भेटले आणि 2023 च्या नोव्हेंबरात लग्न करून मोकळे झाले. त्या लग्नाचा फोटो मावशीने मला फोनवर मोठा करून दाखवला होता. ‘बघ, खरंही असतं कधीकधी.’ म्हणून तर ती फसली.

बास. मला आता हे नाटक पुढे नेता येत नाही.

तुम्हाला साधं बोलता येत नाही का रे? बाहेर मैत्रीण असेल तर पहिल्या दिवशी सांग. ही आवडत असेल तर हिला सांग. आवडत नसेल तर तिच्या ताटातला घास खाऊ नकोस, तिच्या खांद्यावर रडू नकोस, तिच्या तापाला उठू नकोस. किंवा ऊठ, पण सकाळी सांग की मित्र म्हणून उठलो. आणि बये, तूही. ज्या मैत्रिणीने पिठाच्या हाताने तुझ्यासाठी प्रश्न विचारला, तिला बाहेर आल्यावर एक फोन केलास का? मुलाखतीत तिचं नाव निघालं तर ‘ती गेम खेळत होती’ म्हणालीस. सगळे गेम खेळत होते, एक तीच खेळत नव्हती!

आणि ‘लोकांनी बनवलं’ म्हणजे कुणी? ज्यांच्या मतांवर तुम्ही फिनालेपर्यंत पोचलात त्यांनी? तेव्हा हात जोडून ‘मायबाप प्रेक्षक’ म्हणत होतात ना? मायबापांनी विचारलं की मायबापांचा भ्रम?

बरं, तो सुटला. मुलाखतीनंतर त्याच्या फोटोखाली हृदयं पडली. तिच्या फोटोखाली जे पडलं ते मी इथे लिहू शकत नाही. ‘वापरून घेतलं’, ‘लाज नाही हिला’ ही त्यातली सभ्य वाक्यं. तिच्या वडिलांपर्यंत गेले लोक. घोळ दोघांनी घातला, मुलाखत दोघांनी दिली, ‘काही नव्हतं’ हे तो म्हणाला, आणि शिव्या एकटीला. ती मला आवडत नाही, वर लिहिलंय तसं तिच्यावर मी झारा उगारलाय. पण हे काय आहे?

त्या घाणीत खाली खाली जाताना एक ओळखीचं नाव दिसलं. मावशीचा नातू. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिथल्या तिथे फोन लावला. म्हणाला, ‘आत्या, सगळेच लिहितात गं. एवढं काय त्यात.’

सगळेच लिहितात म्हणून तू लिहिलंस? तुझी आजी तीन फोनवरून त्या मुलीसाठी रोज मत देत होती, काकांच्या नंबरावरूनसुद्धा. तू एका फोनवरून काय लिहिलंस ते आजीसमोर मोठ्याने वाचून दाखवशील? नाही ना दाखवणार? आणि हे वाचताय त्यांच्यातही असतील असे, मला माहितीय. त्यांना हेच सांगतेय. उघडा तो फोटो. खाली जा, अजून खाली, तुमचं नाव सापडेल. पुसा ते. नंतर बोलू प्रेमाचं.