तक्ता आला, पैसा कुठाय?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझ्या एका मित्राची लहानशी फाउंड्री आहे. त्याचा माल थेट बाहेर जात नाही, पण ज्यांना कास्टिंग (लोखंड वितळवून ओतलेले भाग) देतो ते युरोपला पाठवतात. मध्यंतरी त्या गिऱ्हाइकाकडून एक्सेलचा तक्ता आला. टनाला वीज किती युनिट, कोक किती, भंगार किती टाकता, पिग आयर्न कुठून घेता. मला फोन करून म्हणाला, "हे कशाला पायजे रं यांना? रेट पाडायला?"

रेट पाडायला नाही. लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत असा माल बाहेरून आला की तो बनवताना झालेल्या कार्बनवर युरोपियन युनियन आकार लावतं. सीबॅम म्हणतात त्याला, १ जानेवारी २०२६ पासून लागू. भरायचा तिकडच्या आयातदारानं. पण तो शेवटी कुणाच्या दरातून वळता होणार, हे उद्यमनगरातल्या माणसाला सांगायला नको. सगळं कास्टिंग अजून त्यात येत नाही, तरी विचारणा सुरू झालीच.

आता आपल्या नुकसानीचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ च्या वर गेली. चिखली, आंबेवाडी पाण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद, माल जागच्या जागी. (सगळं खापर हवामानबदलावर फोडू नका. पूररेषेतले भराव आपणच टाकलेत.) अशा नुकसानीसाठी जगानं एक निधी काढला. संयुक्त राष्ट्रांची दरवर्षी हवामान परिषद भरते, तिथं शर्म अल शेखला २०२२ मध्ये ठरला, पुढच्या वर्षी दुबईत सुरू झाला. त्यात कबूल झालेली रक्कम १ अब्ज डॉलरलाही पोहोचली नाही. त्यातही आधी छोटी बेटं आणि सगळ्यात गरीब देश, ते बरोबरच आहे. आपला नंबर कधी लागायचा?

माझा राग इथं आहे. घ्यायचं असलं की तारीख पक्की, द्यायचं असलं की 'बघू'. गरीब देशांच्या हवामानखर्चासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असं श्रीमंत देश २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत म्हणाले. आकडा गाठला २०२२ ला, त्यातही बराचसा पैसा कर्जाऊ. गरीब देशांची गरज वर्षाला १३०० अब्जांची, तर बाकूच्या परिषदेत २०२४ ला कबूल झाले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारतानं तिथंच हरकत घेतली, पण तोवर हातोडा पडला होता.

तरी 'परिषदा म्हणजे नुसती जेवणावळ' हे मला पटत नाही. २०१५ च्या पॅरिस कराराआधी शतकअखेर तापमानवाढ साडेतीन अंशांच्या आसपास जाईल असा अंदाज होता. आजच्या धोरणांवर तो २.८ वर आलाय, दिलेले शब्द पाळले तर अडीचच्या आत. पुरेसं नाहीच, पॅरिसला ठेवलेलं दीड अंशाचं ध्येय २०२४ सालानं एकट्यानं ओलांडलं. पण अमेरिका करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडली तरी तिच्या मागं रांग लागली नाही. आपल्याकडं वीजनिर्मितीची निम्मी क्षमता बिगर-कोळसा, बिगर-तेल स्रोतांची झाली, २०३० चं लक्ष्य २०२५ मध्येच.

२०२६ ची परिषद तुर्कस्तानात, अंताल्याला. तिथं भारतानं सीबॅमचा मुद्दा लावून धरावा: आमच्या मालावर गोळा केलेला पैसा आमच्याच भट्ट्या सुधारायला परत द्या. युरोप तो स्वतःच्या तिजोरीत टाकणार असेल, तर त्याला हवामानासाठीचं सहकार्य म्हणू नये. जकात म्हणावं.

मित्राला मात्र मी तक्ता भर म्हणालो. खरे आकडे दिले नाहीत तर युरोपवाले स्वतःचा ठोकळ आकडा लावतात, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. गोकुळ शिरगाव, कागलकडच्या कुणी भरला असेल तर कमेंटमध्ये सांगा: भट्टीला वेगळा मीटर बसवलात, की सगळ्या युनिटच्या बिलावरून भागाकार केलात?