जपानात देव नाहीत, सण नाहीत? मग हे सगळं काय आहे?

काकांनी परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. तुम्हालाही कधी ना कधी आलाच असेल. 'जपानात देवळं नाहीत. असतील ती पर्यटकांना दाखवायला. तिथली माणसं देव मानत नाहीत, सणासाठी रस्ते अडवत नाहीत, म्हणूनच तो देश पुढे गेला.' मी सहा वर्षं तोक्योत राहते. काकांना फोनवर थोडं बोलले, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही.

देवळांवर फार वेळ घालवत नाही. जपानच्या मूळच्या शिंतो धर्माची देवस्थानं, म्हणजे जिंजा, ८० हजारांच्या आसपास आहेत. बौद्ध मंदिरं, म्हणजे ओतेरा, ७५ हजारांहून जास्त. वाटेवरच्या छोट्या घुमट्या तर वेगळ्याच. आणि पर्यटकांचं म्हणाल, तर जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांत तोक्योच्या मेइजी जिंगू या एकट्या देवस्थानाला तीसेक लाख माणसं जातात. बहुतेक सगळी इथलीच, आणि कितीतरी जण थंडीत मध्यरात्रीपासून रांगेत उभे असतात.

रस्ते अडवत नाहीत म्हणणाऱ्याने १७ जुलैला क्योतोत यावं. शिजो हा शहराचा भर बाजारपेठेतला रस्ता, त्या दिवशी वाहनांना बंद असतो, कारण गिओन मात्सुरी या उत्सवाचे रथ निघतात. ८६९ साली रोगराई आवरेना तेव्हा प्रांताप्रांताच्या नावाने ६६ भाले उभारून देवाला साकडं घातलं, तिथून हा उत्सव सुरू झाला असं मानतात. मोठे रथ १२ टनांपर्यंत, उंची २५ मीटरच्या घरात. सांगाडा खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरांनी आवळून बांधतात. चाकं वळत नाहीत. म्हणून चौकात चाकांखाली चिरलेला बांबू अंथरतात, त्यावर पाणी मारतात, आणि वर उभ्या असलेल्यांच्या इशाऱ्यावर सगळे मिळून रथ आडवा ओढतात. एका ओढीत भागत नाही. दर ओढीला रथ करकरत थोडा सरकतो आणि गर्दीच्या तोंडून एकदम 'ओऽऽ' निघतं. रथ पुढे जावा म्हणून तिथले सिग्नलचे खांबच फिरवून बाजूला घेता येतील असे केलेले आहेत! काही रथांवर परदेशी गालिचे लावतात. त्यात आपल्या दख्खनमध्ये विणलेलेही आहेत हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला.

हे खरं, की मिरवणूक सरली की सिग्नल परत जागेवर येतात आणि रस्ता लवकर मोकळा होतो. ती शिस्त आपण जरूर घ्यावी. पण ती सण टाकून आलेली नाही, सण सांभाळताना आलेली आहे.

आता 'देव मानत नाहीत'. सर्वेक्षणात बरेच जपानी 'माझा धर्म नाही' असं सांगतात, हे बरोबर आहे. पण धर्माला जो 'शूक्यो' शब्द वापरतात, तो १९व्या शतकात पाश्चात्त्य कल्पनेसाठी रुळला. कुठल्या तरी एका पंथाचं होणं असा त्याचा वास. तसं विचारलं की माणूस 'नाही' म्हणतो, आणि तोच माणूस महिन्याभराचं बाळ जिंजाला नेतो, परीक्षेआधी तेन्जिन या विद्येच्या देवाला नवसाची लाकडी पाटी बांधतो, घरात कुणी गेलं की बौद्ध भिक्षूला बोलावतो. सरकारी आकड्यांत शिंतो आणि बौद्ध अनुयायांची बेरीज लोकसंख्येहून जास्त भरते, कारण एकच घर दोन्हीकडे मोजलेलं असतं.

तोक्योच्या आसाकुसा भागात सेन्सोजी या मोठ्या बौद्ध मंदिराजवळ मात्सुचियामा शोतेन नावाचं छोटं मंदिर आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे भारतातून चीनमार्गे आलेला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, आणि नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. (यावरून 'जपान मुळात हिंदूच' असाही मजकूर फिरतो. तोही खोटा. मंदिर बौद्ध आहे आणि देव आता पूर्ण तिथलाच झालाय.) माझ्या पुढे एक आजी होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मुळा दोन्ही हातांत आडवा धरून वाहिला आणि बराच वेळ मान खाली घालून उभ्या राहिल्या. वाहिलेले मुळे मागाहून प्रसाद म्हणून वाटतात. मलाही एक मिळाला. रात्री त्याची भाजी केली.

राहिली प्रगती. नव्या वर्षात कचेऱ्या उघडल्या की तोक्योच्या कान्दा म्योजिन या देवस्थानाला सूट घातलेल्यांची रीघ लागते. साहेब आणि हाताखालचे सगळे एकत्र, धंद्याला बरकत मागायला. जवळच आकिहाबाराचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणून तिथे संगणक नीट चालावेत यासाठीचा ताईतही मिळतो. इमारतीचा पाया घालण्याआधी जागेची शांत करतात, तीही शिंतो पुजाऱ्याकडून.

काही सण खरोखर बंद पडताहेत. इवाते प्रांतातल्या कोकुसेकी-जी या मंदिराचा सोमिन्साई हजार वर्षांहून जुना. ऐन थंडीत लंगोट लावलेले पुरुष 'जास्सो, जोयासा' असं ओरडत ताईतांच्या पिशवीसाठी झटत. फेब्रुवारी २०२४मध्ये तो शेवटचा झाला. देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या तयारी करणारी घरं म्हातारी झाली आणि हाताखाली कुणी उरलं नाही म्हणून.