गाडीला कुणी हात लावलावता?

नरसोबाच्या वाडीला जायचं दुपारी ठरलं आणि त्याच रात्री मी गाडीचे प्लग साफ केले. यातली पहिली गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी मी सकाळी पावणेदहापर्यंत कुणालाही कळू दिली नाही.

गाडी १९८६ची, अण्णांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली पद्मिनी. १०८९ सीसी, गियर स्टीअरिंगलाच, चोक हाताने ओढायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली तेव्हा पेपरात फोटो आले, लोक हळहळले. सांगलीत आमची अजून आहे म्हटल्यावर मात्र कुणी हळहळत नाही. ‘धक्का मारायला बोलावू नका’ एवढंच म्हणतात.

तर मुंबईहून मावशी आलेली. अण्णांच्या गाडीतून तिला वाडीला न्यायचं म्हणजे गाडी कशी पळायला हवी! म्हणून रात्री सगळे निजल्यावर मी पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. प्लगवर काजळी होतीच. ती ब्रशने घासली, पॉलिश पेपर मारला. मग वाटलं, हात काळे झालेच आहेत तर वायरीही पुसू. चारही वायरी दोन्हीकडून उपटल्या, फडक्याने लख्ख केल्या आणि परत लावल्या. कशा लावल्या? एक, दोन, तीन, चार. माणूस आणखी कशा लावणार?

सकाळी सहाला मावशी बेसिनपाशी बोटाला मंजन लावून उभी. “माझा ब्रश कुठं गेला रे? रात्री इथंच होता.”

“उंदीर नेतात आमच्याकडे,” मी म्हणालो.

साडेसहाला मावशी इरकल नेसून, नारळ-फुलांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. मी चोक ओढला, सेल्फ मारला. खिर्र, खिर्र, खिर्र, एक उचकी, आणि बोनेटखाली असा बार झाला की समोरच्या तारेवरचे पारवे उडाले. पुन्हा सेल्फ मारला. या वेळी बार सायलेन्सरमधून.

“दिवाळीतले उरलेत वाटतं,” मावशी म्हणाली.

आमच्या सोसायटीत बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं जमायला चार मिनिटं लागतात. बार काढणाऱ्या गाडीला तेवढीही लागत नाहीत. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका बनियनवरच आले. “पेट्रोलमध्ये पाणी,” त्यांनी निकाल दिला. दुसरे म्हणाले, “कार्बोरेटरमध्ये कचरा.” (कार्बोरेटरमध्ये कचरा हे निदान कधीच चुकत नाही, कारण कचरा असतोच.) तिसऱ्यांनी न विचारता फडकं भिजवून आणलं आणि इंजिनातल्या पेट्रोल पंपावर घातलं. पेट्रोलची वाफ धरते म्हणून हा उपाय एप्रिलच्या घाटात करतात. आम्ही डिसेंबरच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा डोकावून म्हणाला, “काका, याला स्कॅनर कुठं लावायचा?”

मी प्रत्येक सल्ला मन लावून ऐकत होतो. कचरा निघाला असता, पाणी निघालं असतं, तर मी सुटलो असतो. जेट काढून फुंकला. पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरलं. ते इतकं स्वच्छ होतं की मला वाईट वाटलं. मग काकांनी एअर फिल्टरचं झाकण काढायला लावलं, बायकोला सेल्फ मारायला सांगितलं, आणि मी कार्बोरेटरमध्ये डोकावलो. त्यानंतर माझी डावी भुवई उजवीपेक्षा तोकडी आहे.

धक्काही झाला. सात जणांनी दुसऱ्या गियरमध्ये कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत ढकलली. गाडीने दर दहा पावलांना एक बार काढला आणि इस्त्रीवाल्यापाशी गप्प उभी राहिली. मावशी आतच होती. उतरते का विचारलं तर म्हणाली, “बसलेय ती बरी आहे.”

साडेनऊला मिस्त्री आले. बोनेट उघडलं, चहा मागवला, आणि इंजिनाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “गाडीला कुनी हात लावलावता?”

“नाही बुवा.”

“काल चालू हुती?”

“हो, एकदम.”

“मग रातच्या राती टायमिंग कसं हालंल?” ते माझ्या नखांकडे बघत होते. नखांत काजळी होती. मी हात खिशात घातले. चहा आला. तो घ्यायला हात बाहेर काढावे लागले.

“जरासे प्लग पुसले,” मी हळूच म्हणालो. “आणि वायरी.”

सात जणांनी आपापले खांदे चोळले.

मिस्त्रींनी डिलकोच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, टोपणावर बोट टेकवलं. “एक, तीन, चार, दोन. आसं मारतंय ह्ये. इंजान काय उजळणी म्हनतंय व्हय?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आता पाठ आहे. एक नंबरची वायर माझ्या हातून बरोबर बसली होती, त्यामुळेच ती उचकी लागत होती. दोनला ठिणगी मिळायची तेव्हा तिथला पेट्रोल आत घ्यायचा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला, म्हणून आतला जाळ उलटा कार्बोरेटरमधून वर यायचा. माझी भुवई या दोन नंबरने नेली. तीनला आणि चारला ठिणगी अर्धा फेरा उशिरा. पिस्टन खाली पोचल्यावर तिथं पेट घ्यायचा आणि सगळं सायलेन्सरमधून बाहेर जायचं. म्हणजे गाडी बिचारी मी सांगितलेलं तंतोतंत करत होती.

एक नंबरला हात न लावता त्यांनी उरलेल्या तीन वायरी बदलल्या आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. अर्ध्या सेल्फला गाडी सुरू झाली. अण्णांच्या वेळी लागायची तशी, शिलाई मशीनसारखी. इस्त्रीवाल्याने टाळी दिली. मावशीने मागून नमस्कार केला, दत्ताला की मिस्त्रींना ते कळलं नाही.

बोनेट लावता लावता मिस्त्री थांबले. बॅटरीच्या मागे हात घालून त्यांनी काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. दांडी गुलाबी होती. बाकी सगळं काळं.

“ह्यो बरश कुनाचा म्हनायचा?”

मावशीने काच खाली केली आणि चष्मा लावला. तीन तास बंद पडून राहिलेली गाडी आता काही केल्या बंद पडेना.