तळमजल्यावर उलटं येतं ते आपलंच पाणी

तळमजल्याच्या मोरीतून घाण पाणी वर आलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, "तुमचा प्लंबर बोलावून बघा ना." मी स्वतः चौथ्या मजल्यावर राहतो. तरीही विचारतो, प्लंबर त्यांनी का म्हणून बोलवायचा?

जरा पाण्याच्या बाजूने बघा. सगळ्या मजल्यांचे संडास-बाथरूम एकाच उभ्या पाइपात उतरतात आणि तो पाइप खाली चेंबरला, म्हणजे इमारतीच्या सांडपाण्याच्या झाकणाच्या हौदाला, मिळतो. चेंबर तुंबलं की वरून आलेलं पाणी पाइपात साचत जातं आणि पहिलं उघडं तोंड सापडेल तिथून बाहेर पडतं. ते तोंड म्हणजे तळमजल्याचा संडास नाहीतर नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतली जाळी. बाहेर पावसाचा थेंब नसतानाही हे होतं. तिथे येतं ते माझ्या वॉशिंग मशीनचं पाणी आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लश केलेले वाइप्स.

पावसाळ्यात रस्त्याकडूनही दाब येतो. मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या, पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या. पण गच्चीचा पाइप गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणाऱ्या इमारती कमी नाहीत. रस्त्यात पाणी साचलं की मॅनहोलचं झाकण उघडणारे 'समाजसेवक'ही असतात. ते किती जीवघेणं असतं, हे २०१७ मध्ये मुंबईतले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले तेव्हा सगळ्यांना कळलं. ते झाकण मलवाहिनीचं असेल तर रस्त्यावरचा पाऊसही तिच्यात शिरतो. मग ती काठोकाठ भरते आणि ज्या घराची फरशी रस्त्यावरच्या झाकणापेक्षा खाली, त्या घरात पाणी चढतं. थरावर थर चढून रस्ते उंच झाले, जुन्या इमारतींची जोती तिथेच राहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी दारातूनच आत आलं. तशा दिवसावर माझ्याकडे उपाय नाही. मी बोलतोय ते दर पावसाळ्यातल्या नेहमीच्या तुंबण्याबद्दल.

उपाय म्हणून लगेच नॉन रिटर्न व्हॉल्व्हचं, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचं, नाव निघतं. चांगली वस्तू आहे, पण नेमकी कुठे बसवता यावर सगळं आहे. अख्ख्या इमारतीच्या शेवटच्या लाइनवर बसवलात तर रस्त्याचं पाणी अडेल, पण वरच्या चार मजल्यांचं पाणीही आतच कोंडेल आणि पुन्हा तळमजल्यावरच निघेल! म्हणून आधी तळमजल्याची लाइन उभ्या पाइपापासून तोडून वेगळी चेंबरला न्यायची आणि व्हॉल्व्ह फक्त त्या लाइनवर बसवायचा. झडपेत चिंधी अडकली तर ती बंदच होत नाही, तेव्हा पावसाळ्याआधी उघडून साफ करायला हवी. आणि झडप बंद असेतो त्या घरानेही पाणी सोडायचं नाही.

गली ट्रॅपची, म्हणजे घराचं सांडपाणी चेंबरला जाण्याआधी अंगणातल्या ज्या खड्ड्यात पडतं त्याची, जाळी तळमजल्याच्या फरशीपेक्षा खाली आहे का, हेही बघा. ती खाली असली आणि फरश्यांखाली बुजवलेली नसली, तर वर चढणाऱ्या पाण्याला आधी अंगणात वाट मिळते. अंगण धुता येतं, गाद्या नाही.

ऐनवेळी तळमजल्याच्या त्या उघड्या तोंडावर ठेवलेली वाळूची पिशवी कामाला येते. चार इंची तोंडावर फूटभर पाण्याचा दाब जेमतेम अडीच किलोचा, म्हणून पाच-सहा किलोची पिशवी घट्ट बसली तर निभावते. पण त्या वेळी वरच्या सगळ्यांनी नळ बंद ठेवायला हवेत. आमच्याकडे भांडण होतं ते नेमकं इथेच.

आता खर्च. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाच्या यादीत आहे, त्यामुळे हा कुणावर उपकार नाही. एलईडीच्या माळा आणि गेटवरच्या नव्या नावाच्या पाटीला पैसे निघतात, तर चेंबरलाही निघावेत. सफाई मात्र जोरदार पाण्याचा फवारा मारणाऱ्या जेटिंग मशीननेच करा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उतरवू नये.

येत्या सर्वसाधारण सभेत तळमजल्याची लाइन वेगळी करण्याचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्या सोसायटीत हे झालं असेल तर वर्गणी कशी वाटून घेतलीत ते कमेंटमध्ये लिहा. आमच्याकडे पहिला आक्षेप त्यावरच येणार.