शिडाच्या होडीसाठी अनुदान हवंय? बसा, सांगतो

मागच्या गुरुवारी आमचा तिसरा प्रस्ताव परत आला. आत एकच ओळ : ‘सदर उपक्रम तालुक्याच्या भौगोलिक परिस्थितीशी सुसंगत नसल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ मी ते वाचलं तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातून वैनगंगा दिसत होती. पलीकडे गडचिरोली जिल्हा, अलीकडे चंद्रपूर, म्हणजे आम्ही. शाळेच्या मागच्या अंगाला मालगुजारीच्या काळातला तलाव, त्याला लागून दोन बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि पावसाळ्यात शाळेच्या कार्यालयातही घोटाभर पाणी. भौगोलिक परिस्थिती म्हणतात ती हीच असावी.

तर ज्या मास्तरांना, बाईंना किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आपल्या लेकरांना शिडाच्या होडीवर न्यायची हौस आली असेल, त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल. फुकट देतो. माझी त्यात दोन वर्षं, तीन प्रस्ताव आणि झेरॉक्सचे अकराशे रुपये गेले.

सगळ्यात आधी, ही खाज सुटू देऊ नका. मला सुटली ती सातवीतल्या एका ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, पोरामुळे. त्यानं युरियाची तीन पोती उसवली, दाभणानं सुतळीत शिवली, बांबूला बांधली आणि बापाच्या डोंग्यावर, म्हणजे छोट्या लाकडी नावेवर, उभी केली. डोंगा तलावावरून असा निघाला की घाटावरच्या बाया धुणं सोडून उभ्या राहिल्या. जाताना झकास, पण परत येताना वारा तोंडावर. पोट्टा पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांत अडकला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतो, “सर, वाऱ्याच्या आंगावर डोंगा नेता येते का जी?”

नेता येतो. सरळ नाही, वाऱ्याला तिरकं अंग देत, नागमोडी. पण त्यासाठी होडीच्या पोटाखाली एक उभी फळी लागते, नाहीतर होडी आडवी घसरत जाते. डोंग्याला ती नसते. मी फळ्यावर बाण काढून दाखवले. त्याचं समाधान झालं नाही. माझंही नाही, कारण मी स्वतः जन्मात शिडाच्या होडीत बसलेलो नाही. अशा वेळी शहाण्या मास्तरानं ‘परीक्षेला येत नाही’ म्हणायचं आणि पुढचा धडा काढायचा. मी प्रस्ताव लिहायला बसलो.

दुसरी गोष्ट, समुद्रकाठी जन्म घ्या. मी पहिला प्रस्ताव मुंबईचा केला होता, तो खर्चात गेला. मग डोकं चालवलं आणि भोपाळ धरलं. नागपूरहून एका दिवसात पोचता येतं आणि तिथल्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. मध्य प्रदेशाला समुद्राचा थेंब नाही, तरी तिथं शिकलेल्या हर्षिता तोमरनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणलं आणि देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीनं, नेहा ठाकूरनं, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य. हे सगळं मी प्रस्तावात ठळक अक्षरात घातलं. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “पण ते मध्य प्रदेश आहे ना.” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “मग?” या ‘मग’चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

तिसरी, ‘सेलिंग’ हा शब्द चुकूनही वापरू नका. ही माझी सगळ्यात महाग पडलेली चूक. मला वाटलं, इंग्रजी शब्द घातला की फाईलला वजन येतं. विषय टाकला : ‘विद्यार्थ्यांकरिता शैक्षणिक सेलिंग उपक्रमास अनुदान मिळणेबाबत’. आवक नोंदवहीत बाबूंनी तो उतरवला ‘सीलिंग’. शैक्षणिक सीलिंग. फाईल शिक्षणाच्या टेबलावरून उठली आणि बांधकामाकडे गेली. तिथं ती चार महिने होती. मी दर पंधरा दिवसांनी चकरा मारतोय, शिक्षणवाले म्हणतात आमच्याकडे नाही, आणि मी समजतो वर गेली असेल. एके दिवशी भर दुपारी फटफटीवर एक कनिष्ठ अभियंता शाळेत हजर, हातात टेप. म्हणे छत दाखवा. मी म्हटलं साहेब, छत कशाला? “तुम्हीच तर मागितलं जी, सीलिंग.” आता आमचं छत गळतंच. पाचवीच्या वर्गात जून ते सप्टेंबर दोन बादल्या असतात आणि त्या रिकाम्या करायची पाळी हजेरी क्रमांकानं लावलेली आहे. त्यासाठी मी सहा वर्षांत नऊ अर्ज केले, एकदाही टेप आली नव्हती! आली ती होडी मागितल्यावर. मला वाटलं, चला, होडी नाही तर नाही, छत तरी होईल. त्यांनी मापं घेतली, चहा घेतला, पंचनाम्यावर माझी सही घेतली. महिन्यानं पत्र आलं : मागणी सेलिंगची असून चुकीच्या विभागाकडे सादर झाल्याने मूळ विभागाकडे परत, सबब दुरुस्तीचा विचार करता येत नाही. म्हणजे छतावर टेप लावली तेव्हा ते सीलिंग होतं आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा सेलिंग झालं. आणि मूळ विभागानं काय विचारलं? चार महिने उशीर का झाला, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करा. मी खुलासा दिला, तोही तीन प्रतीत.

चौथी, नदीचा काठ नीट निवडा. 2018 मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हे, म्हणजे खास लक्ष द्यायचे मागास जिल्हे, ठरवले. विदर्भातून गडचिरोली आणि वाशीम. त्यामुळे वैनगंगेच्या त्या काठावरच्या पोरांना आकांक्षा आहेत, आमच्या काठावरच्यांना नाहीत. एका कंपनीचा सामाजिक निधी बघणाऱ्या बाईंनी मला फोनवर फार गोड आवाजात सुचवलं, “सर, शाळा पलीकडे असती तर बघता आलं असतं.” तीच नदी, तोच ढिवरपुरा, मामा-भाचे दोन काठांवर. मी म्हटलं, ताई, होडी मिळाली की नेऊ ना पलीकडे, त्यासाठीच तर मागतोय.

कंपन्यांचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे पाठ करून जाऊ नका. कंपनी कायदा 2013, कलम 135 : ठरावीक आकाराच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, शिवाय ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षणही स्पष्ट लिहिलंय. शिडाच्या होड्या 1900 सालच्या पॅरिस ऑलिम्पिकपासून आहेत. हे बोललात की समोरचा माणूस तुमच्याकडे असं बघतो जसं काही तुम्ही त्याच्या लग्नातला मानपान काढला.

पट वाढवा. चौतीस मुलं म्हटलं की “फक्त?” असं येतं. दहा हजार म्हणा. कोणी मोजायला येत नाही, येताना बॅनर तेवढा आणतात.

तीन कोटेशन जोडा. तालुक्यात शिडाच्या होड्यांची दुकानं किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

कंपनीचा फोन येईल तो 22 मार्चला येईल. खर्च 31 तारखेच्या आत दाखवायचा असतो. परीक्षा पुढे ढकला.

तिसरा प्रस्ताव करताना मी पुरता शहाणा झालो होतो. म्हटलं मुलं कुठं न्यायची नाहीत, होड्याच इकडे आणू. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची होडी असते. लांबी 2.3 मीटर, एका मुलापुरती, पंधरा वर्षांपर्यंतची पोरं चालवतात, दोन माणसं सहज उचलतात. सहा होड्या टेम्पोत बसतात. भाड्यानं आणायच्या, सोबत एक प्रशिक्षक, पाच दिवस, आमच्याच तलावात, जिथं काठाकडं छातीभर पाणी आहे तेवढ्याच भागात. तलाव कोणाचा, यावर ना-हरकत पत्रं लागली. ग्रामपंचायतीचं दोन महिन्यांनी मिळालं. सिंचनवाल्यांचं अजून यायचंय. मच्छीमार संस्थेनं एका संध्याकाळी दिलं, वर चहा पाजला, आणि अध्यक्ष म्हणाले, “सर, पोट्ट्यायले शिकवा, आमालेबी पाहाले येऊ द्या.” सगळ्या फाईलमध्ये शुद्धलेखनाची चूक नसलेलं तेवढं एकच पत्र आहे, कारण ते आठवीतल्या पोरीनं लिहिलंय.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. हा हुकमी एक्का असतो, शेवटी टाकतात. ‘विद्यार्थ्यांच्या जीवितास धोका संभवतो.’ यावर तुम्ही मान खाली घाला. खरंच घाला, कारण 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि 12 लेकरं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोट क्षमतेपेक्षा जास्त भरलेली, सगळ्यांच्या अंगात जॅकेटही नव्हती. तो पेपर वाचल्यावर मी स्वतः दोन दिवस जेवलो नाही. त्यानंतर परिपत्रकं आली, ती बरोबरच आली.

आणि त्याच्या पाचच दिवसांनी, 23 जानेवारीला, आमच्या याच वैनगंगेत गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला. सहा जणी गेल्या. रोजीला निघालेल्या बाया, सहलीला नाही. त्यांच्यासाठी कोणतं परिपत्रक आलं ते मला दाखवा. मी आवक-जावक दोन्ही वह्या बघितल्या आहेत.

आमच्या शाळेतली नऊ पोरं पावसाळ्यात डोंग्यानं येतात. रोज, दप्तर डोक्यावर घेऊन. त्यांना कोणी पालकांचं संमतिपत्र मागत नाही, विमा मागत नाही, डोंग्याची क्षमता विचारत नाही. हजेरी मात्र मागतात, ऑनलाईन, साडेदहाच्या आत. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचे 33 च्या 33 दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरीच्या काठची गावं पाण्यात गेली, तेव्हा याच पोरांना कौलावरून उतरवून होडीत बसवलं होतं. तेव्हा ती भौगोलिक परिस्थितीशी सुसंगत होती का हो?

साहेब, तुम्ही प्रस्ताव वाचलाच नाही. वाचला असता तर पान सात वर अनुक्रमांक एक दिसला असता : जीवरक्षक जॅकेट, शिट्टीसह, मुलांच्या मापाची, नग 34. होड्या पाच दिवसांनी परत जाणार होत्या, जॅकेट शाळेत राहणार होती, त्या नऊ पोरांच्या अंगात रोज सकाळी चढवायला. दोन ओळी खाली तसं लिहिलंही होतं. तुम्हाला होडी नको होती तर होडीवर काट मारायची होती. हिरवी शाई होती तुमच्याकडे. पण तुम्ही विषयाची ओळ वाचली, हसलात, शेजारच्यालाही वाचून दाखवली असेल, आणि जॅकेटसकट अख्खी फाईल बांधून ठेवलीत. मुलं पाण्यात जाऊ नयेत म्हणून नाही. मुलं पाण्यातच आहेत! त्याचा कागद तुमच्या टेबलावर नको, एवढंच. लाज वाटायला पाहिजे. मलाही वाटते, की मी हे तीनदा ‘सविनय सादर’ म्हणून लिहिलं.

चौथा प्रस्ताव मी करणार नाही. जॅकेटसाठी मच्छीमार संस्थेनं आणि आम्ही शिक्षकांनी मिळून सध्या नऊपुरते पैसे जमवले आहेत, दिवाळीच्या आधी नागपूरहून आणू. पोत्याचं शीड उभ्या शिवणीत फाटलंय. नवीन पोती धानाच्या खतातून निघतीलच, दाभण वाकलंय ते बदलावं लागेल. डोंग्याच्या पोटाला फळी कशी बसवायची ते गावचा सुतार विचारतोय, आणि मी त्याला फळ्यावरचे बाण दाखवतोय.