अपाचेच्या डोक्यावरचा डबा काय बघतो आणि काय नाही

गेले आठ-दहा दिवस एकच मेसेज फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मावसभावाने पाठवला, आणि परवा सकाळी सोलापूरच्या पार्क स्टेडियमजवळ फिरायला येणाऱ्या अण्णांनी तो चष्मा वर करून मोठ्यांदा वाचून दाखवला. मजकूर साधारण असा:

"भारताच्या प्रत्येक अपाचे हेलिकॉप्टरच्या पंख्यावर असं रडार आहे की डोंगराआडचा, भिंतीआडचा शत्रूसुद्धा दिसतो. एका मिनिटात २५६ शत्रू ओळखून त्यातले १६ आपोआप उडवतं, पायलटला बोट लावावं लागत नाही. धूळ, धुकं, पाऊस काहीच आडवं येत नाही. शत्रूला पत्ताही लागत नाही. आपल्या प्रचंडला हे रडार नाही, म्हणून ते आंधळं आहे."

खाली अभिमानाचे झेंडे आणि एक फोटो. (प्रचंड म्हणजे आपल्याकडेच बनलेलं लढाऊ हेलिकॉप्टर.) मी म्हणालो, "अण्णा, यात थोडं चुकलंय." अण्णा म्हणाले, "थोडं म्हणजे किती, ते लिहून दे की." पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे असं आव्हान मला टाळता येत नाही.

डोंगराआडचं दिसतं म्हणे. मेसेज लिहिणाऱ्याने गोष्ट नेमकी उलटी ऐकली आहे. डोंगराआड असतं ते हेलिकॉप्टर. लाँगबो नावाचं हे रडार पंख्याच्याही वर बसवलंय ते एवढ्याचसाठी, की अख्खं हेलिकॉप्टर आडोशाला राहावं आणि वरचा डबा तेवढा डोकावावा. होटगी रोडवरची सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आठवा, २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी पाडली ती. समजा एखादं अपाचे कारखान्याच्या इमारतींमागे तरंगतंय आणि छपराच्या वर फक्त डबा काढून विमानतळाकडे बघतंय. धावपट्टीवरची गाडी त्याला दिसेल. पण धावपट्टीपलीकडच्या भिंतीमागे उभी असलेली गाडी त्याला दिसणार नाही, जशी तुम्हाआम्हाला दिसणार नाही. या रडारच्या लहरी सुमारे ३५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे लांबीला साडेआठ मिलिमीटर. त्या सरळ रेषेत जातात. माती, दगड, विटा यांच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. एवढंच काय, पंढरपूरकडचा उभा उसाचा फडसुद्धा त्यांना पुरेसा आहे. ओल्या पानांत त्या जिरून जातात.

आता आकडे. उत्पादकांकडून सांगितला जाणारा आकडा १२८ लक्ष्यांचा. मेसेजमध्ये तो दुप्पट झालाय. फॉरवर्ड होता होता भाव वाढतोच. १६ चा आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. सापडलेल्या लक्ष्यांपैकी सगळ्यात धोक्याची १६ रडार यादीत वर आणून ठेवतं. अपाचेला जास्तीत जास्त हेलफायर क्षेपणास्त्रंही १६ च लागतात, त्यामुळे १६ लक्ष्यं म्हणजे १६ ठार असा हिशेब लोकांनी मांडला असावा.

आणि "ओळखून" हा शब्द तर मला सगळ्यात जास्त खटकतो. रडार ओळखत नाही, ते वर्ग पाडतं: साखळीपट्ट्यांचं वाहन, चाकांचं वाहन, विमानविरोधी यंत्रणा, हेलिकॉप्टर, विमान, आणि काही कळलं नाही तर "अज्ञात". रणगाडा आपला की परका, हे त्या पडद्यावर उमटत नाही. ते ठरवायला पुढच्या सीटवरचा नेमबाज नाकाजवळचा कॅमेरा तिकडे वळवतो, डोळ्यांनी खात्री करतो आणि मग कळ दाबतो. माणसाची ही खात्रीही चुकते. १९९१ च्या आखाती युद्धात एका अपाचेने अमेरिकेचीच दोन चिलखती वाहनं फोडली आणि त्यांचे दोन सैनिक मेले. त्या अपाचेवर हे रडार नव्हतंच. पण आपलं वाहन आणि शत्रूचं वाहन ओळखण्याचा प्रश्न किती अवघड आहे ते त्यावरून कळतं, आणि तो प्रश्न डबा बसवून सुटलेला नाही.

"आपोआप" या अफवेचं मूळ मात्र मला कळतं. हेलफायरच्या एका प्रकारात, एल मॉडेलमध्ये, क्षेपणास्त्राच्या नाकातच छोटं रडार असतं. एकदा सोडलं की ते आपलं लक्ष्य आपणच धरतं आणि हेलिकॉप्टर लगेच खाली दडू शकतं. लेझरवर चालणाऱ्या प्रकाराला ही मुभा नाही. तिथे लक्ष्यावर आदळेपर्यंत कोणीतरी लेझरचा ठिपका धरून बसावं लागतं. म्हणजे सोडल्यानंतरचं काम आपोआप होतं, सोडायचा निर्णय नाही.

माणसांचं काय? शत्रू म्हणजे गच्चीवर बंदूक घेऊन उभा असलेला माणूसही असतो. २००३ च्या मार्चमध्ये इराकमध्ये करबलाजवळ रात्री तीसेक अपाचे हल्ल्याला गेली. त्यात लाँगबोवालीही होती. खालून वस्तीतून रायफली, मशीनगन असा जो मारा झाला त्यात जवळजवळ सगळ्यांना छिद्रं पडली. एक लाँगबो शेतात उतरलं आणि त्याचे दोघे वैमानिक कैद झाले. मोकळ्या रानातले रणगाडे वेचायला बनवलेलं यंत्र गल्लीतला रायफलवाला वेचून देत नाही.

"प्रत्येक अपाचेवर" हे तर सरळच चूक आहे. आपल्या वायुदलाने २०१५ मध्ये २२ अपाचे घेतली, पठाणकोटला २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ती सेवेत दाखल व्हायला लागली. या २२ साठी रडार १२. यात कंजुषी नाही. रडारवालं हेलिकॉप्टर आपल्याला दिसलेली लक्ष्यं बिनरडारच्या जोडीदाराला डेटालिंकने, म्हणजे बिनतारी जोडणीवरून, पाठवू शकतं. चार जण भाजी आणायला निघाले तर चौघांच्या हातात यादी लागत नाही.

पाऊस, धूळ, धुकं. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला सोलापुरातच उत्तर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी आपल्या इथे ढग बघणारं सी-बँड रडार लावलं होतं. त्याच्या लहरी पाचेक सेंटिमीटरच्या. पावसाचा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा, त्यामुळे त्या लांब लहरी सरीतून आरपार जातात आणि मागचा ढगही दाखवतात. अपाचेच्या साडेआठ मिलिमीटरच्या लहरीपुढे तोच थेंब चांगला दांडगा ठरतो. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळत असेल, तर एका किलोमीटरमागे या लहरींची साधारण दहावा हिस्सा ताकद उरते. दुसऱ्या किलोमीटरला त्याचाही दहावा. आणि परत यायचंय तेवढंच अंतर. सात-आठ किलोमीटरवरचं दिसणं तिथेच संपतं. धूर, धूळ आणि धुक्याचे कण मात्र लहरीच्या मानाने अगदी बारीक, ते तिला फारसे अडवत नाहीत. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा धुरात चाचपडतो तिथे हे रडार काम करतं, हे खरंच आहे आणि मोठंच आहे. फक्त आपल्या वळवाच्या पावसात त्याच्या भरवशावर राहू नका.

शत्रूला पत्ता लागत नाही, हा मुद्दा अगदी थोडक्यात. जे यंत्र लहरी सोडतं ते पकडलं जाऊ शकतं. लाँगबोच्या डब्याखालीच लहरी टिपणारा एक रिसीव्हर बसवलेला आहे आणि त्याचं काम शत्रूची रडारं कुठे चालू आहेत ते ऐकायचं. आपण ऐकतो तर समोरचा ऐकणार नाही का? म्हणून तर हे रडार कमी ताकदीवर, थोडा वेळ चालवून बंद करतात.

राहिलं प्रचंड. १७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धातला पहिला मारा ज्या अपाचेंनी केला, पहाटेच्या अंधारात इराकच्या दोन रडार ठाण्यांवर, त्यांच्या डोक्यावर डबा नव्हता. कॅमेरा आणि लेझर, बस. पुढे अफगाणिस्तानात उंचावर विरळ हवेत वजन पेलेना म्हणून अमेरिकेने कित्येक अपाचेंवरचं रडार काढून ठेवलं. प्रचंड तर उंचीसाठीच बांधलंय, सियाचीनमध्ये उतरून दाखवलंय. त्याच्या नाकाखाली थर्मल कॅमेरा आणि लेझर आहे, २० मिलिमीटरची तोफ वैमानिकाच्या हेल्मेटबरोबर वळते. दाट धुरात ते अपाचेपेक्षा कमी बघेल, हे मान्य. पण आंधळं असतं तर २०२५ च्या मार्चमध्ये १५६ ची ऑर्डर कोण देईल?

हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं, पण फोटोत तर रडार स्पष्ट दिसतंय की."

फोटो मोठा करून बघितला. लाँगबोचा डबा चपटा असतो, झाकण घातलेल्या पातेल्यासारखा. फोटोत पंख्यावर गोल चेंडू होता आणि चेंडूला समोर दोन काचा, घुबडासारख्या. ते अपाचे नव्हतंच. अमेरिकेचं जुनं किओवा, आता त्यांच्या लष्करातून निवृत्त झालेलं. आणि त्या चेंडूत रडार नसतं, अण्णा, कॅमेरे असतात.