काट्यावर संशय घेणारच: बेळगावच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. सोमवारी सकाळी परत वाचली आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून गॅरेजवर गेलो. दुपारपर्यंत तीन जणांनी ‘वाचलंस का?’ म्हणून फोन केला. आता गप्प बसलो तर तुमचं म्हणणं मला पटलं असा अर्थ होईल, म्हणून लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते काट्याने दाखवणारी तबकडी) किंवा बूस्ट गेज (टर्बो इंजिनात हवा किती दाबून भरतोय ते दाखवणारी) भलताच आकडा दाखवतंय आणि गाडी मात्र नीट चालतेय, असं असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी गेज, त्याची नळी आणि ती नळी जिथे जोडलीय ती जागा तपासा. त्यावर ‘एक अभियंता’ एवढंच नाव लावून बेळगावच्या या वाचकांनी लिहिलं: “काट्यावर संशय घेणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. हे गोव्याचं सुशेगाद ज्ञान आहे. सतरा ते बावीस इंच हा पुस्तकी आकडा उतरवून हौशी लोकांनी इंजिनाबद्दल लिहू नये.” (सतरा ते बावीस इंच म्हणजे गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना धडधाकट इंजिनाचा व्हॅक्यूम, पाऱ्याच्या इंचांत.) पुढे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा), स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) आणि गळती शोधायला स्प्रे मारणं यांवर एकेक ओळ.

आधी ‘सुशेगाद’ घेऊ. हा शब्द आमचा आहे. पोर्तुगिजांकडून आला, पण आता आमचाच. पोटभर जेवून दुपारी तासभर पाठ टेकणाऱ्या माणसाचं जे समाधान असतं, त्याला आम्ही सुशेगाद म्हणतो. काम टाळणाऱ्या माणसासाठी आमच्याकडे वेगळे शब्द आहेत आणि ते मी इथे लिहिणार नाही. जुलैत रस्त्याचं पाणी शटरखालून आत येतं तेव्हा विटांवर फळी टाकून, तिच्यावर उताणा पडून मी सायलेन्सर उतरवले आहेत. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे क्लॅम्प खाऱ्या हवेने गंजून बोटांत चुरा होतात, वायरिंगच्या जोडातल्या पिना हिरव्या पडतात, त्या एकेक घासून पुन्हा बसवल्या आहेत. घाटमाथ्यावरून खाली बघून आम्हाला आळशी म्हणायची पद्धत जुनी आहे. मला वाटलं होतं ती आता गेली असेल.

आणि ‘हौशी’. माझे वडील डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. रविवारी एअर क्लीनर झटकायचं काम माझं. तांबडी धूळ नाकात जायची, ती दोन दिवस रुमालावर दिसायची. आयटीआय केलं आणि तेव्हापासून म्हापशात हेच काम करतोय. तुम्ही अभियंता असाल, मला आदर आहे. पण अभियंता कशातले, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी निदान माझे हात कुठे काळे झाले ते सांगतो.

आता थर्मामीटर. वाक्य चांगलं जमलंय, टाळ्या घेईल. पण नीट बघा. मूल अंगणात पकडापकडी खेळतंय, भूक लागली म्हणून ओरडतंय, आणि थर्मामीटर १०४ दाखवतोय. डॉक्टर काय करील? थर्मामीटर झटकून पुन्हा लावील, की मुलाला सलाईन चढवील? मी फोडा म्हटलंच नाही. झटकून पुन्हा लावा म्हटलं. तुम्ही माझ्या तोंडी जे घातलंत ते माझं नाही.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. १९९६ साली मी शिकाऊ होतो. ते गॅरेज आता बंद झालं, नाव सांगत नाही. तिथे एक मारुती झेन आली, कार्ब्युरेटरची, जेमतेम अडीच वर्षांची. मालक शाळेत मास्तर. तक्रार एवढीच की ॲव्हरेज थोडं घटलंय. उस्तादांनी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना, गॅरेजचं व्हॅक्यूम गेज लावलं. काटा बारा इंचांवर. थरथर नाही, झटका नाही, अगदी स्थिर.

उस्ताद म्हणाले, व्हॉल्व्ह गेले. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. मी स्वतः आठही व्हॉल्व्ह काढले. काढतानाच दिसत होतं की सीट स्वच्छ आहेत, कुठे जळल्याची खूण नाही. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक अंतराने खाली आपटला असता, बारावर असा निवांत उभा राहिला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी बावीस वर्षांचा होतो, बोललो नाही. लॅपिंग पेस्ट लावून, काठीच्या रबरी टोकाने एकेक व्हॉल्व्ह फिरवत दिवसभर बसलो. रॉकेल ओतून बघितलं, थेंब गळला नाही. नवीन गॅस्केट टाकून हेड बसवलं, गाडी चालू केली, गेज लावलं. बारा.

मग उस्ताद म्हणाले टायमिंग. बेल्टच्या खुणा जुळवून बघितल्या, बरोबर होत्या. इग्निशन बघितलं, बरोबर. तिसऱ्या दिवशी ते जेवायला गेले असताना मी तेच गेज बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीला लावलं. ती नुसती ऑइल बदलायला आली होती, इंजिनाचा आवाज घड्याळासारखा. काटा साडेअकरावर. माझ्या पोटात खड्डा पडला.

गेजची नळी वर्षानुवर्षं भिंतीतल्या एका खिळ्यावर टांगलेली असायची. खिळ्यावर जिथे वाकायची नेमकं तिथे, गेजच्या बाजूला, तिला चीर गेली होती. सरळ धरली तर काही दिसायचं नाही. वाकवली की नखाएवढं तोंड उघडायचं. आणि काटा थरथरू नये म्हणून उस्तादांनी जुन्या कार्ब्युरेटरचा एक पितळी जेट नळीच्या इंजिनाकडच्या टोकात ठोकून बसवला होता. सगळी गोम त्या जेटमध्ये होती. जेटच्या बारीक भोकातून इंजिन जेवढी हवा ओढणार, तेवढी चिरेतून आत येणार. म्हणजे नळीतला व्हॅक्यूम तुटणार, पण इंजिनाला त्या गळतीचा पत्ताही लागणार नाही. जेट नसता तर तेवढ्याशा चिरेने काटा फारसा हलला नसता, उलट इंजिनालाच गळती जाणवली असती, स्लो रनिंग बदललं असतं. म्हणून गाडी ठणठणीत आणि काटा बारावर. खरंच बारा इंचांवर चालणारं इंजिन तुम्हाला पहिल्या चढावर सांगतं. ती झेन तर म्हापशाचा आल्तिनो चौथ्या गिअरात चढत होती.

मास्तरांनी हेडच्या कामाचे पैसे दोन हप्त्यांत दिले. त्यांना काही सांगायचं नाही असं उस्तादांनी बजावलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ते चवथीच्या बाजारात भेटायचे आणि म्हणायचे, तुम्ही हेड केल्यापासून गाडी झकास आहे. मी मान हलवायचो. साहेब, हे माझ्या ज्ञानाचं मूळ आहे. याला सुशेगाद म्हणू नका.

तेव्हापासून माझी सवय सांगतो. कुठलंही गेज गाडीला लावण्याआधी नळीसकट हवा ओढायच्या हँड पंपाला लावायचं, वीस इंच ओढायचे आणि मिनिटभर बघत राहायचं. काटा सरकला तर गाडीचं बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. पंप नसेल तर नवीन कोरी नळी, एक टोक बोटाने बंद करून, तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावा. जीभ चिकटून राहिली पाहिजे. जुन्या नळीला हे करू नका, आत पेट्रोल असतं.

तरी तुम्ही म्हणाल, ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग गेल्या पावसाळ्यातली घ्या. पर्वरीचे एक गृहस्थ टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आले. हौसेने बूस्ट गेज बसवून घेतलेलं, व्हॅक्यूम आणि बूस्ट एकाच तबकडीवर. काटा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) व्हॅक्यूमच्या बाजूला अठरावर. रेस दिली तरी अठराच्या आसपास. चढावर टर्बो ओढतोय हे पाठीला कळतंय, काटा शून्याच्या पलीकडे जात नाही. आणि इंजिन बंद केलं तरी अठरावरच. त्यांना आधी एकाने टर्बो गेला म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने गेज अडकलंय म्हणून. दोन्ही चूक. गेज बसवणाऱ्याने टी (तीन तोंडांचा जोड) ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या, पाइपवर टाकली होती, आणि तीही एकमार्गी व्हॉल्व्हच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला. तो व्हॉल्व्ह असतोच मुळी इंजिन बंद पडल्यावरही ब्रेकसाठी व्हॅक्यूम राखून ठेवायला. मॅनिफोल्डमध्ये दाब वाढला की तो मिटतो. काटा बिचारा बूस्टरचा व्हॅक्यूम इमानदारीने दाखवत होता. त्या गाडीत व्हॉल्व्ह पाइपच्या आतच होता, बाहेरून दिसत नव्हता. पाइपवर बोट फिरवत गेलो तेव्हा एका जागी कडक गाठ लागली. टी अलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला आणली, आणि पर्वरीच्या चढावर काटा पहिल्यांदा उजवीकडे गेला. ते गृहस्थ लहान मुलासारखे हसले.

इथे टर्बो उतरवला असता तर? तुमच्या न्यायाने काटा खरा, म्हणजे टर्बो मेला.

एक गोष्ट मान्य करतो, कारण खरं ते खरं. आयडलला सतरा ते बावीस हा आकडा समुद्रसपाटीचा आहे आणि मी तसं लिहिलं नव्हतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा तुमच्याकडे पंधरा-सोळा दाखवणारं इंजिन अगदी तंदुरुस्त असू शकतं. साखळीहून चोर्ला घाट चढून वर गेल्यावर गाडी थांबवून गेज बघितलं की हा फरक डोळ्यांनी दिसतो, मी कितीदा बघितलाय. पण मी म्हापशात बसून लिहितो, माझे बहुतेक वाचक समुद्राच्या काठी राहतात, म्हणून ते सुटलं. ‘उंचीचा उल्लेख राहिला’ एवढी एक ओळ तुम्ही लिहिली असती तरी मी आभार मानून दुरुस्ती केली असती. त्यासाठी ‘पुस्तकी’ आणि ‘हौशी’ म्हणायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही. घरी आलेल्या माणसालासुद्धा आम्ही आधी पाणी विचारतो, मग चूक सांगतो.

टायमिंग बेल्टबद्दल: एक दात सरकला की काटा खाली येऊन स्थिर राहतो, मला माहीत आहे. नळ्या तपासत बसून माणूस तशीच गाडी चालवत राहील, असं तुम्ही म्हणता. नळी तपासायला पाच मिनिटं लागतात. यावर जास्त लिहीत नाही.

स्प्रेबद्दल: गरम सायलेन्सरजवळ मारू नका असं लेखात आहे. पुन्हा वाचा.

स्कॅनरबद्दल मात्र दोन शब्द, कारण त्यावरून माझ्याकडे फोन येतात. स्कॅनर लावला की सगळे प्रश्न सुटतात असं नाही. स्कॅनर मॅनिफोल्डमधला एकूण दाब दाखवतो, बाहेरच्या हवेसकट. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी-जास्त ते दाखवतं. स्कॅनरवर १५० किलोपास्कल आणि गेजवर अर्धा बार, हा एकच आकडा आहे: बाहेरची हवा साधारण १००, वरचे ५० म्हणजे अर्धा बार. लोक घाबरून येतात की गेज तिप्पट कमी दाखवतंय. आणि त्या स्कॅनरला आकडा देणारा सेन्सरही तेलकट होतो, त्याचंही तोंड बुजतं. चावी चालू करा, इंजिन चालू करू नका, आणि बघा. आमच्याकडे तेव्हा १०० किलोपास्कलच्या जवळ दिसलं पाहिजे, तुमच्याकडे ९२-९३. तसं नसेल तर स्कॅनरच्या आकड्यावरही मी संशय घेणार. घेणारच.

तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर नाव लावून लिहा. म्हापशाला आलात तर गॅरेजवर या, शुक्रवार सोडून, त्या दिवशी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. ती १९९६ ची नळी माझ्या टेबलाच्या खणात आहे, जेटसकट. वाकवून दाखवीन.

मूळ लेखात उंचीचा परिच्छेद आज घातला आहे. बाकी एक शब्दही बदललेला नाही.